सात कड्यांची खिरणी

एका राज्यात राजाचं पहिलं लग्न झाडाशी लागे आणि दुसरं राणीशी.

वाड्यामागे राई होती, राईच्या मधोमध खिरणी होती. सात जणांनी हाताला हात लावून कवेत घ्यावी एवढी थोर. गादीवर नवा राजा बसला की त्याच दिवशी, सूर्य माथ्यावर असताना, तिच्यासमोर अंतरपाट धरायचा, अक्षता टाकायच्या आणि राजाने तिच्या खोडाला सोन्याचं कडं घालायचं. सोनार तिथल्या तिथे ते आवळून डाग देई. आधीच्या राजाच्या कड्याच्या वर चार बोटं सोडून नव्या राजाचं कडं. सहा राजे झाले, सहा कडी झाली.

चढलेलं कडं उतरवायचं नाही, असा रिवाज. बांगडी उतरते ती नवरा मेल्यावर. खिरणीचं कडं उतरलं तर गादीवरचा राजा मेला समजायचं. दुसऱ्या राजाच्या काळात एका सोनाराने छिन्नी लावून पाहिली. छिन्नी गळून पडली आणि त्याचा हात कोपरापर्यंत लाकडाचा झाला. पुढे तो त्याच हाताने भाता ओढी आणि हात कुरकुरे.

खोड वाढलं, सोनं वाढलं नाही. कड्यांच्या वर खोड मडक्याच्या पोटासारखं फुगून आलं, कड्यांच्या खाली बारीक राहिलं. भाटांनी पोवाडा रचला की राजाच्या प्रीतीने खिरणीची छाती भरून आली. भाटांना बिदागी मिळते ती पाहण्याची नव्हे, गाण्याची.

लग्नाला करवली लागे, ती माळ्याच्या घरची कुमारिका. तिने मुळाशी पहिला तांब्या ओतायचा. ओतून ती माघारी फिरत नसे. तिचे पाय उचलत नसत. पहिल्या दुपारी ती गुडघ्यापर्यंत लाकूड होई, दुसऱ्या दुपारी छातीपर्यंत, तिसऱ्या दुपारी ओठ मिटत. लोक म्हणत, देवीने नेली. तिच्या घरच्यांना साडीचोळी आणि मान मिळे. खिरणीभोवती अशी सहा खोडं उभी होती, माणसाच्या उंचीची, एकही पान नसलेली. वारा पडलेला असला तरी ती हलत.

सातवा राजा मणिकेत. वय वीस. त्याच्या लग्नाच्या दिवशी करवली झाली शेवंता, धुरपदा माळिणीची एकुलती लेक. धुरपदाला कोणी विचारलं नाही. ती विधवा, मांडवात तिला मज्जाव. दिराने तिला फुलं आणायला नदीपार धाडलं आणि मानाची साडी आपल्या बायकोसाठी घेतली. फुलांची पाटी डोक्यावर घेऊन ती परत आली तेव्हा सनई थांबली होती, मांडव रिकामा होता, आणि लेक गुडघ्यापर्यंत लाकूड होऊन खिरणीपाशी उभी होती.

धुरपदाने पाटी टाकली. लेकीच्या पायाला हात लावला. साल खरखरीत होती आणि थंड होती.

"आई, खाली कोणीतरी माझे पाय धरलेत," शेवंता म्हणाली.

"कोण?"

"भुकेलं आहे. ओढत नाही. नुसतं सोडत नाही."

धुरपदा तशीच दरबारात गेली. वाटेत दोन भालदारांनी अडवलं, त्यांना तिने काय सांगितलं ते लिहिण्याजोगं नाही, पण ते बाजूला झाले.

दरबारात पंडित होते. त्यांनी पोथी उघडली. पोथीत खिरणीचं चित्र होतं, पान न् पान काढलेलं, पण ते जमिनीच्या रेघेशी संपत होतं. खाली काय आहे हे पोथी लिहिणाऱ्याने पाहिलं नव्हतं, म्हणून पंडितांच्या मते खाली काही नव्हतं. राजाच्या उजव्या हाताला राजगुरू शोषनाथ बसला होता. सातही राजांना त्यानेच गादीवर बसवलं, सातही कड्यांवर त्यानेच मंत्र घातला. तरी दात सगळे शाबूत आणि कातडी पावसात भिजलेल्या पानासारखी तुकतुकीत. याचं नवल कोणी करत नसे. गुरू आहे, म्हणत.

धुरपदा वाकली नाही. उभ्यानेच बोलली. "महाराज, कडी उतरवा. त्या कड्यांनी झाड आवळलंय आणि झाडाने माझी लेक धरलीय."

शोषनाथ हसून म्हणाला, "बाई, सुवासिनीची बांगडी उतरवा म्हणतेस. तुला शोभतं."

"सुवासिनी?" धुरपदाने आपले हात पुढे केले. मनगटांवर पांढरे वण होते. "माझा एक नवरा मेला तर घटकेत बायका जमल्या आणि दगडाने बांगड्या फोडल्या. काच अजून आत आहे. तिचे सहा मेले महाराज. बांगडी एक फुटली नाही. सोन्याची आहे म्हणून रिवाज वेगळा का?"

मणिकेताने शोषनाथाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पोरगा वाईट नव्हता.

"बाई, मी भितो," तो म्हणाला.

"भ्यायला माझी ना नाही. आड येऊ नका म्हणजे झालं."

ती राईत परतली. लेकीला पाणी पाजलं, स्वतः मुळाशी बसली आणि विचार करू लागली. तेवढ्यात वरून आवाज आला. जाडा, खोल, पिंपात बोलावं तसा. कड्यांच्या वर, खोडाच्या फुगवट्यापाशी, ढोली होती. ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून बंद केलेलं, मधे बोटभर फट, आणि फटीतून एक पिवळी चोच बाहेर आली होती. धनेशाची मादी होती ती. अंडी घालायची वेळ आली की ही पक्षीण स्वतःला ढोलीत कोंडून घेते आणि नर बाहेरून फळ आणून चोचीत देतो.

"माळिणी, उंबर दे," ती म्हणाली.

पदरात चार उंबरं होती. धुरपदाने खोडाच्या खोबणीत पाय रोवून, कड्यांना न शिवता, ती एकेक करून दिली. चारही गेली.

"तीन दिवसांनी खाल्लं. माझा नर मेला. शोषनाथाने मारला. तो जे पाहायचा ते बोलायचा."

"काय पाहायचा?"

"शोषनाथ रोज भर दुपारी येतो. राई ओस असते तेव्हा. या फुगवट्याला चीर आहे. तिथे जीभ लावतो. माझ्या फटीपासून हातभर खाली. मी त्याचा श्वास ऐकते."

मग तिने जे सांगितलं ते चार ओळींचं होतं, आणि सबंध दरबारात ते कोणाला ठाऊक नव्हतं. झाडात दोन वाटा आहेत. आतल्या लाकडातून पाणी वर जातं. सालीखालून पानांनी रांधलेलं अन्न खाली येतं. कड्यांनी आतली वाट सोडली आणि बाहेरची आवळली.

"म्हणून झाड हिरवं आणि मूळ उपाशी," पक्षीण म्हणाली. "मला कोंडून नर आला नाही तर माझं काय होतं? तसंच. पानं रोज रांधतात, घास कड्यापाशी अडतो, आणि तो थेरडा चाटून जातो. त्यावर सहा राजे जगला. मुळं काय खाणार? एका राजवटीत एक पोर."

धुरपदा माळीण होती. तिला लगेच कळलं. कडं उतरवता येत नाही ना, मग वाट कड्यावरून न्यायची. पूल बांधायचा. खाली एक टोक, वर एक टोक, सालीत खोचलेली जिवंत काडी. आयुष्यभर तिने कलमं बांधली होती, हेही कलमच.

"तीन गोष्टी लागतील," पक्षीण म्हणाली. "बांधायला धागा, तो मुळांकडे आहे, कोरड्या विहिरीत उतर, पण दिवा नेऊ नको. जोडायला काडी, ती आडव्या रानात आहे, तिथे उभी राहू नको. वर लिंपायला चिखल; तो माझ्या दाराचा, तो मी देईन, पण बांधताना सोन्याला शिवू नको."

"दार फोडलंस तर तू उघडी पडशील."

"पडेन. तू आधी दोन आण."

राईच्या कडेला विहीर होती. तीन पिढ्या पाणी नव्हतं. धुरपदा पायऱ्या उतरली, मग पायऱ्या संपल्या, मग हातांनी चाचपत उतरली. वरचं आभाळ ताटाएवढं झालं, मग वाटीएवढं, मग मिटलं. शेवटी तिचे पाय मातीला लागले आणि तिच्या तोंडाला काहीतरी लागलं. केस. ओले, थंड, केसाहूनही बारीक. ते तिच्या कपाळावरून फिरले, डोळ्यांवरून, ओठांवरून. आंधळी म्हातारी नातवाचं तोंड चाचपते, तसे.

"हिची आई," अंधारातून कोणी म्हणालं. एक आवाज नव्हता. विहिरीच्या भिंती बोलत होत्या.

तिने हात लांबवला. मनगटाएवढी मुळं, मांडीएवढी मुळं, आणि मधोमध तळ सोडून खाली गेलेलं सोटमूळ, बैलाच्या वशिंडासारखं टणक. सगळी दगडांत नखं रोवून ताणलेली. वर वादळ झालं की ती कशी कण्हत असतील ते तिला हाताला कळलं.

"आम्ही धरतो," मुळं म्हणाली. "वरचं सगळं. तिच्या फांद्या, फांद्यांवरचे पक्षी, पक्ष्यांची घरटी. या केसांनी माती चोखतो, थेंब थेंब वर देतो. वर पान उन्हात तापतं, त्याचा थेंब वाऱ्यावर जातो. गेलेल्या थेंबाने मागच्याचा हात धरलेला असतो, मागच्याने त्याच्या मागच्याचा. अशी रहाटमाळ शेंड्यापर्यंत चालते. आम्ही एक दिवस थांबलो नाही. पण वरून काही येत नाही."

धुरपदाने कनवटीची भाकरी काढून पुढे धरली. केस तिच्यावरून फिरले आणि मागे गेले.

"ती तुमची भाकरी. आमची पानांनी रांधावी लागते, उन्हात."

"माझी लेक खाऊ नका."

"अजून खाल्ली नाही. धरली आहे. तिचे पाय ऊबदार होते. तिसऱ्या दुपारपर्यंत आम्हाला धीर निघेल, पुढचं आमच्या हातात नाही. भूक आहे बाई."

त्यांना राग नव्हता. म्हणूनच तिच्या अंगावर काटा आला. आणि मग अंधारात, मुळांच्या मागून, आणखी आवाज आले. पोरींचे. खेळताना लपलेल्या पोरी दबून बोलतात तसे. त्या काहीतरी सांगत होत्या, पण ते शब्द मातीचे होते, तिला उमगले नाहीत.

तिने धागा मागितला. सोटमुळाने आपल्या अंगाची एक पट्टी सोलून तिच्या हातात दिली. तडकण्याचा आवाज झाला आणि सगळी विहीर क्षणभर थरथरली. धागा ओला होता आणि तिच्या तळहातात हळूहळू वळत होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ती आडव्या रानाच्या वेशीला पोचली. एके काळी तो डोंगर होता. आता मैल मैल सगळं आडवं पडलेलं. साग आडवे, शिंदी आडव्या, बांबूंची बेटं चुलीपुढल्या काटक्यांसारखी पसरलेली. घरं आडवी. आणि माणसंही. गवतात उताणी पडलेली, डोळे उघडे, छातीवर शेवाळ. पानं मात्र सगळ्यांवर हिरवीगार. त्या रानात मेलेलं पानही पिवळं पडत नसे.

धुरपदाने पाऊल टाकलं आणि तिच्या पायांखालची जमीन चिखलासारखी सरली. जवळ पडलेला एक म्हातारा मान न हलवता बोलला, "बस खाली. इथे उभ्याला जमीन धरत नाही."

ती बसली, मग पोटावर आडवी झाली. राजासमोर वाकली नव्हती ती बाई. म्हाताऱ्याने सांगितलं ते असं. शोषनाथ आधी इथे राहायचा. इथल्या झाडांना त्याने तांब्याची तार आवळली. झाडं वरून हिरवी राहिली, लोक म्हणाले, काही बिघडलं नाही. मग खाली मुळं कुजली आणि एका सकाळी डोंगर आवाज न करता झोपला.

"आम्हाला वाटायचं झाडं जमिनीला धरून आहेत," म्हातारा म्हणाला. "जमीन झाडांना धरून होती."

"तुम्ही उठत का नाही?"

"कशाला धरून उठू?"

त्याच्यापलीकडे खिरणी पडली होती. तिच्यावर शंभर कोवळ्या काड्या फुटलेल्या, प्रत्येकीच्या शेंड्याला दोन पानं. सगळ्या सारख्या दिसत. जिवंत कोणती, मेलेली कोणती, हे देवालाही विचारावं लागलं असतं. धुरपदाने देवाला विचारलं नाही. तिच्याजवळ मांडवाच्या रंगातले पतंगाचे, पाण्यात लाल रंग सोडणाऱ्या झाडाचे, लाकूडतुकडे होते. ते तिने एका आडव्या घरातल्या मडक्यातल्या पाण्यात कुस्करले. पाणी रक्तासारखं लाल झालं. शंभर काड्या तिरप्या कापून तिने मडक्यात उभ्या केल्या आणि हनुवटी मातीवर टेकवून पाहत राहिली.

ऊन चढलं. मेल्या काड्या लाल पाण्यात नुसत्या उभ्या राहिल्या. मग एका पानाच्या देठात लाल रेघ दिसली, सुईने ओढावी तशी. ती मधल्या शिरेत शिरली, शिरेतून उपशिरांत फुटली. मग दुसऱ्या काडीच्या पानात. तिसऱ्या. चौथ्या. आजूबाजूच्या गवतात सळसळ झाली. आडवी माणसं माना वळवून पाहत होती. शंभर वर्षांत त्यांनी काही वर चढताना पाहिलं नव्हतं.

"एक इथे ठेवून जा," म्हातारा म्हणाला.

शंभरांतल्या चारच जिवंत होत्या. तिने चौथी त्याच्या उशाशी मातीत रोवली आणि त्याच्या हाताची बोटं तिच्याभोवती आळे करून ठेवली. मग तीन काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून दातांत धरल्या आणि ती पोटावर सरपटत वेशीपर्यंत गेली. कोपरं सोलली, गुडघे फुटले. वेशीबाहेर ती उठून उभी राहिली तेव्हा मागे वळून पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती राईत आली. शेवंता छातीपर्यंत लाकूड झाली होती. तिच्या शेजारी मणिकेत उभा होता, एकटा, अंगावर साधं धोतर, हातात छत्री. दोन दिवस तो तिच्यावर छत्री धरून होता आणि चमच्याने पाणी पाजत होता.

"आई, बघ," शेवंता म्हणाली. आवाज जाड झाला होता. "छत्री करवलीवर. नवरी बिचारी उन्हात."

राजा ओशाळला. धुरपदाने त्याला विचारलं, "अजून भिता?"

"अजून."

"मग हाताला काम घ्या. काड्या द्या एकेक."

तिने कलमाचा चाकू काढला. सगळ्यात खालच्या कड्याच्या खाली सालीत चीर दिली, सगळ्यात वरच्या कड्याच्या वर फुगवट्यात चीर दिली. वरच्या चिरेतून दुधासारखा चीक आला, दाट आणि गोड वासाचा. दीड हाताची काडी, दोन्ही टोकं तासून पाचर केलेली, वर खोचायची, खाली खोचायची, मधे कमानीसारखी वाकवायची, म्हणजे सोन्याला लागणार नाही. धागा गुंडाळायचा. तो मुळांचा धागा होता. एरवी महिना घेणारं कलम तो सात श्वासांत धरायचा.

पहिली काडी धरली. दुसरी धरली. सूर्य माथ्याजवळ आला. तिसरी तिने बांधली, सात श्वास मोजले, आणि काही झालं नाही. शेवंताच्या गळ्यावर साल चढू लागली. चढताना ती करकरे.

"आई, उलटं आहे," शेवंता कशीबशी म्हणाली. "खालचं वर झालंय. मला खाली कळतं."

दरबारी रीत अशी, की वस्तू देताना जाड टोक घेणाऱ्याकडे करायचं. राजाने दोन काड्या दिल्या तेव्हा धुरपदाने पाहून फिरवून घेतल्या. तिसरीला तिची नजर सूर्यावर होती आणि तिने मिळाली तशी खोचली. झाडाला दरबारी रीत ठाऊक नसते. मूळची बाजू मुळाकडे, शेंड्याची शेंड्याकडे, याच्यापुढे ते कोणाचा मान ठेवत नाही. तिने धागा सोडला, काडी फिरवली, पुन्हा बांधला. साल शेवंताच्या हनुवटीला पोचली होती.

"पक्षिणी, दार दे," धुरपदा म्हणाली.

वर टकटक झाली. चिखलाचं दार आतून फुटलं आणि ढेपा तिच्या ओंजळीत पडल्या. तिने थुंकीने भिजवून जोडांवर लिंपल्या. ढोलीचं काळं तोंड उघडं पडलं. आत दोन उघडी नागडी पिल्लं दिसली.

राईतली पाखरं गप्प झाली. कोणाचीही सावली उरली नव्हती, आणि त्या सावली नसलेल्या उन्हातून शोषनाथ येत होता. पाय न वाजवता.

"ढोलीवर हात ठेवा," धुरपदा राजाला म्हणाली. "पुढे काढायचा की नाही, ते मी सांगणार नाही."

मणिकेत कड्यांना न शिवता खोडावर चढला आणि त्याने आपला तळहात ढोलीच्या तोंडावर दाबून धरला.

शोषनाथाने कोणाकडे पाहिलं नाही. भुकेला माणूस ताटाकडेच पाहतो. तो फुगवट्याच्या जुन्या चिरेपाशी गेला आणि त्याने जीभ काढली. ती लांब होती आणि चिरेत पुरती शिरली. मग बाहेर आली. पुन्हा शिरली. कोरडी बाहेर आली.

"माझं दूध कुठे गेलं?" त्याने विचारलं.

"जिचं होतं तिच्याकडे," धुरपदा म्हणाली.

त्याने तीन काड्या पाहिल्या. हात पुढे केला, पण त्याचा हात कड्यांवरून जाणार होता आणि कड्यांवर त्याचाच मंत्र होता. त्याने हात मागे घेतला. मग तो वर वळला, ढोलीकडे. पिल्लांत रस असतो. जीभ राजाच्या हातावर फिरली. राजाच्या हाताला साल येऊ लागली.

"मणिकेता, हात काढ," शोषनाथ म्हणाला. "तुझ्या आज्याला मी गादीवर बसवलं. कलम राहिलं तर कडी तुटतील, आणि कडी तुटली की तू मेलास."

राजा रडत होता. हात त्याने काढला नाही.

शोषनाथ माळिणीकडे फिरला. आवाज मऊ केला. "बाई, एक काडी तोड. एकच. तुझी लेक आत्ता सोडवतो. पुढची करवली दुसऱ्या कोणाची असेल. तुला काय?"

धुरपदाने लेकीकडे पाहिलं. ओठांच्या कडा लाकडाच्या झाल्या होत्या, डोळे तेवढे ओले होते. चाकू तिच्याच हातात होता. खोटं कशाला सांगू, तिचा हात हलला. मग तिला विहिरीतल्या त्या पोरी आठवल्या, दबून बोलणाऱ्या. त्यांच्या आयांना कोणी विचारलंच नव्हतं; विचारलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याही म्हणाल्या असत्या, दुसरीची जाऊ दे.

तिने चाकू मिटला.

दूध न मिळालेल्या शोषनाथाचे आधी कान लोंबले. पाणी न घातलेला देठ लवतो तशी त्याची मान लवली. कातडीचा तुकतुकीतपणा गेला, मग तिच्यावर रेघा आल्या, मग त्या रेघांमधलं सगळं गळून गेलं. सहा राजांचं वय त्याच्यावर एकाच घटकेत आलं. तो बसला, मग दुमडला. जिथे बसला होता तिथे वाळल्या दोडक्याची असते तशी एक जाळी उरली. ती वाऱ्यावर खुळखुळत लोळत गेली.

जमिनीखालून एक आवाज आला. फार दिवसांनी जेवायला बसलेल्या घरातून येतो तसा.

सगळ्यात खालचं कडं आधी तुटलं. खालचं बारीक खोड श्वास घेतल्यासारखं रुंद झालं आणि सोनं टणकन उडालं. मग दुसरं, मग तिसरं. सातवं तुटताना मणिकेताने डोळे मिटले. कडं त्याच्या पायांखाली जमिनीवर पडलं. त्याने एक डोळा उघडला, छातीवर हात ठेवून पाहिला. जिवंत होता.

"रिवाज खोटा होता तर," तो म्हणाला.

"रिवाज चाटणाऱ्याचा होता," धुरपदा म्हणाली.

शेवंताच्या हनुवटीवरची साल गळाली, मग गळ्यावरची, मग गुडघ्यांवरची. पाय उचलताना जमिनीने ते हळूच सोडले, निजलेल्या पोराने पदर सोडावा तसे. तळव्यांना पांढरे बारीक केस चिकटले होते. धुरपदा ते वेचू लागली तर शेवंता म्हणाली, राहू दे.

सहा पोरी परत आल्या नाहीत. त्यांच्या खोडांना त्याच संध्याकाळी पालवी फुटली, एवढंच. राजाने लिखितांत पाहिलं, पंडितांनी दफ्तरं उलथली. सहा कड्यांची वजनं रतीपर्यंत लिहिलेली होती, पोरींचं नाव एकीचंही नव्हतं. तेव्हा शेवंता पुढे झाली. तीन दिवस तिने मातीखालून ऐकलं होतं. "आवडी," ती पहिल्या झाडाला हात लावून म्हणाली. "ठकी. भिवरा. कोंडी. साळू. मैना." राजा उभा राहिला आणि त्याला पाहून दरबार उभा राहिला.

त्याने हुकूम काढला, की यापुढे झाडाला सोनं घालायचं नाही. गादीवर बसणाऱ्याने खिरणीच्या मुळाशी सात घागरी आपल्या डोक्यावरून आणून ओताव्यात आणि करवलीशिवाय. कड्यांच्या सोन्याचं काय, असं खजिनदाराने विचारलं. धुरपदाने उत्तर दिलं, "पन्हळ करा. पाणी वाहून नेऊ दे त्याला, शहाणं होईल." तशी पन्हळ झाली. राजाच्या तळहातावर सालीचा एक चट्टा आजन्म राहिला. पक्षिणीला पिल्लं उडेपर्यंत रोज फळ मिळालं, कधी माळिणीच्या हातून, कधी राजाच्या.

राजाने धुरपदाला काय हवं ते माग म्हटलं. ती म्हणाली, मला उशीर होतोय. मायलेकी घरी निघाल्या. शेवंता हळू चालत होती, प्रत्येक पाऊल टेकताना क्षणभर थांबे, जणू खाली कोणाला विचारून उचले. दगडी फरसबंदी दुपारभर तापलेली होती. तिच्यावर तिची पावलं ओली उमटत गेली, आणि रात्रीपर्यंत वाळली नाहीत.

मुळाचं पाणी शेंड्याला पोचो, शेंड्याचा घास मुळाला पोचो, आणि ही कहाणी ज्याची त्याला पोचो.